मुक्त सॉफ्टवेअरवर गाणं : काय आहे, काय नाही

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन या गिटारसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन कंपनीने केकवॉक या संगीत-सॉफ्टवेअरचं पुढचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. केकवॉक १९८७ पासूनचं. डॉसच्या काळात मिडीच्या नोंदी मांडण्यापासून सुरुवात करून तीस वर्षांत ते पूर्ण स्टुडिओ होऊन बसलं होतं आणि लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे मोजले होते. काही महिन्यांत सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतलं आणि २०१८ मध्ये सर्वांना फुकट देऊन टाकलं. मग २०२३ मध्ये बँडलॅबनेच सांगितलं, की हे फुकटचं केकवॉक आता बंद होईल आणि त्याची जागा नवं उत्पादन घेईल. सहा वर्षांच्या आत एकाच सॉफ्टवेअरवर दोनदा गंडांतर आलं, आणि ज्यांची गाणी त्या फायलींमध्ये होती त्यांच्या हातात दोन्ही वेळा काहीच नव्हतं.

फुकट मिळालेली वस्तू परतही घेतली जाऊ शकते. मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे. त्याचा मूळ कोड उघडा असतो. तो कोणीही वापरावा, तपासावा, बदलावा, वाटावा अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. जीपीएलसारखा परवाना असेल तर बदललेली आवृत्ती वाटतानाही तिचा कोड उघडाच ठेवावा लागतो. मूळ कर्ता कंटाळला, कंपनी विकली गेली, तरी दुसरं कोणी काम पुढे नेऊ शकतं. ते विकत मिळतं की फुकट, हा यातला दुय्यम मुद्दा आहे.

या लेखापुढचा प्रश्न साधा आहे. घरात एक बरा लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक माइक आणि हेडफोन असलेल्या माणसाला रेकॉर्डिंगपासून मास्टरिंगपर्यंत अख्खं गाणं फक्त मुक्त सॉफ्टवेअरवर करता येतं का? माझं उत्तर असं : सिंथेसायझर, गिटार, ड्रम आणि आवाज यांचं गाणं असेल तर होय, आणि उत्तम होतं. तबला, ढोलकी, हार्मोनियम प्रत्यक्ष वाजवून घेणार असाल तरीही होय. पण हीच वाद्यं संगणकातून हवी असतील तर नाही, किंवा फार थोडं. आणि ही उणीव प्रोग्रामरांनी ठेवलेली नाही. ती आपण, म्हणजे हे संगीत ज्यांचं आहे त्यांनी, भरून काढायची आहे.

सर्वांत ओळखीचं नाव ऑडॅसिटी. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी त्याची सुरुवात केली आणि मे २००० मध्ये ते लोकांच्या हाती आलं. मुलाखत साफ करणं, जुन्या कॅसेटी संगणकावर घेणं, रियाजाचं रेकॉर्डिंग कापून ठेवणं, नाटकासाठी आवाजाचे तुकडे तयार करणं, या कामांसाठी त्याला आजही तोड नाही. एमपीथ्रीवरच्या पेटंटांमुळे पूर्वी लेम नावाचा तुकडा वेगळा उतरवून घ्यावा लागे. २०१७ मध्ये ती पेटंटं संपली आणि पुढे ती कटकटही संपली. दुसरी मोठी अडचण २०२२ च्या ३.२ आवृत्तीने सोडवली. तोवर रिव्हर्ब दिला की तो ध्वनीत कायमचा मुरून जायचा. आता इफेक्ट ऐकत ऐकत कमीजास्त करता येतो. तरीही वीस ट्रॅकचं गाणं ऑडॅसिटीवर करू नये. ते मुळात संपादनाचं हत्यार आहे.

ऑडॅसिटीच्या निमित्ताने मुक्त परवान्याची परीक्षाही झाली. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटीचा कारभार हाती घेतला. लगेच वापराची माहिती गोळा करणारा कोड घालायचा प्रस्ताव आला आणि वापरणारे खवळले. प्रस्ताव मागे घेतला गेला. जुलैमध्ये आलेल्या गोपनीयता धोरणात तेरा वर्षांखालच्या मुलांनी हे सॉफ्टवेअर वापरू नये असं वाक्य होतं. जीपीएलमध्ये अशी आडकाठी बसत नाही, त्यामुळे पुन्हा गदारोळ झाला आणि धोरण बदलावं लागलं. दरम्यान काही प्रोग्रामरांनी कोड उचलून टेनॅसिटी नावाची वेगळी शाखा सुरूही केली होती. केकवॉकच्या बाबतीत असं काही घडणं शक्यच नव्हतं. आज ऑडॅसिटीचं काम पूर्वीपेक्षा जोरात चाललं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पगारी माणसं लावल्याचा फायदा दिसतो.

आपल्याकडे ऑडॅसिटी शिकण्याची एक चांगली वाट आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने करून ठेवली आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे चित्रफीत-धडे आणि त्यांची भारतीय भाषांतली डबिंग्ज हे त्या प्रकल्पाचं काम. ऑडॅसिटी हा त्यातला एक विषय आहे. शाळा-कॉलेजांनी याचा उपयोग अजून कितीतरी जास्त करून घ्यायला हवा.

खरी स्टुडिओची जागा घेणारं सॉफ्टवेअर आर्डोर. त्याचा कर्ता पॉल डेव्हिस हा ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रामरांपैकी एक. तिथून लवकर बाहेर पडून त्याने १९९९ च्या सुमारास लिनक्सवर बहुट्रॅक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते काम आजही चालू आहे, आणि एका माणसाने पाव शतक एकाच कामाला वाहून घेतल्याचा ठसा त्यावर दिसतो. ट्रॅक, बस, सेंड, ऑटोमेशन, पंच-इन, एकावर एक घेतलेले टेक, चित्रपटाच्या दृश्याशी जुळवून घेणं, सगळं आहे. २०२२ च्या सातव्या आवृत्तीत तुकडे हवे तेव्हा वाजवण्याची सोय आली आणि लय-मात्रांचा हिशेब मुळातून नव्याने लिहिला गेला. या दुसऱ्या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

आर्डोरची पैशाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कोड पूर्ण उघडा आणि फुकट. तो स्वतः जुळवून चालवता येत असेल तर एक पैसाही लागत नाही. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ते तयारही मिळतं. अधिकृत तयार प्रत मात्र विकत घ्यावी लागते, थोडक्या रकमेत. या पैशावर त्याचं काम चालतं. आर्डोरच्याच पायावर हॅरिसन या कंपनीने २००९ मध्ये मिक्सबस काढलं. ही तीच हॅरिसन, जिच्या कन्सोलवर मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चं मिक्सिंग झालं होतं. इतक्या जुन्या स्टुडिओ-परंपरेतल्या कंपनीने स्वतः नवं लिहिण्याऐवजी आर्डोर निवडलं, हे त्याच्या दर्जाचं चांगलं प्रमाणपत्र आहे.

रेकॉर्डिंगमधला सगळ्यात छळणारा प्रश्न विलंबाचा, ज्याला स्टुडिओत सगळे लेटन्सी म्हणतात. गायक गातो, आवाज संगणकात जातो, हिशेब होतो आणि परत हेडफोनमध्ये येतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असू आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल तर एका बफरचा वेळ सुमारे ५.३ मिलिसेकंद होतो. बफर १,०२४ चा केला तर २१ च्या वर जातो, आणि हा वेळ जातानाही लागतो, येतानाही. हवेत आवाज दहा मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराला ऐकण्याइतका. तेवढं माणूस सहज सांभाळतो. चाळीस-पन्नास झाले की तबलजी वैतागतो आणि गायकाची लय ओढली जाते.

बफर लहान ठेवायचा तर संगणकाने दर पाच मिलिसेकंदांनी न चुकता ध्वनीकडे वळलंच पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी 'टिक' असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये उमटतो. लिनक्सच्या जगाने या प्रश्नाशी जेवढी झुंज दिली आहे तेवढी क्वचित कुठल्या प्रश्नाशी दिली असेल. पॉल डेव्हिसनेच आर्डोरसाठी जॅक नावाची व्यवस्था लिहिली. तिच्यामुळे एका सॉफ्टवेअरचा ध्वनी दुसऱ्यात, वायर जोडावी तसा, कमी विलंबात नेता येऊ लागला. पण जॅक चालू केलं की ब्राउझरचा आवाज बंद, असली भांडणं वर्षानुवर्षं चालली आणि त्यांनी कित्येक संगीतकारांना लिनक्सपासून पळवून लावलं. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने हे भांडण मिटवलं. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ते मुळातच घालून दिलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. वेळेची हमी देणारे लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नेलमधले, बदल मात्र वीसेक वर्षं मुख्य प्रवाहाबाहेर होते. ते २०२४ च्या अखेरीस आलेल्या ६.१२ आवृत्तीत एकदाचे सामावले गेले. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी लिनक्सवर संगीत करून पाहिलेल्या आणि हात पोळून घेतलेल्या मंडळींना माझा आग्रह आहे : पुन्हा एकदा बघा. उबुंटू स्टुडिओ किंवा फेडोरा जॅम टाकलं तर बहुतेक जुळवाजुळव आधीच केलेली मिळते. यूएसबीच्या सर्वसाधारण मानकावर चालणारे ऑडिओ इंटरफेस ड्रायव्हर न टाकताही ओळखले जातात. इंटरफेस घेण्याआधी तो त्या मानकातला आहे का, एवढं मात्र विचारून घ्या.

लिनक्सच हवं असंही नाही. आर्डोर, ऑडॅसिटी, खाली येणारे जवळजवळ सगळे सिंथ विंडोज आणि मॅकवरही चालतात. मुक्त सॉफ्टवेअर वापरायला आधी ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी लागते, हा गैरसमज मला फार ठिकाणी भेटतो आणि तो निष्कारण लोकांना अडवतो.

गायन-वादन न घेता थेट संगणकावर ट्रॅक बनवणाऱ्यांसाठी एलएमएमएस आहे. शिकायला सोपं, बीट आणि पियानो रोल हाताशी, शाळकरी मुलालाही दोन तासांत काहीतरी ऐकवता येईल असं. पण त्याच्या १.२ या स्थिर आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंगच करता येत नाही, आणि पुढची मोठी आवृत्ती रखडत राहिली. ड्रमसाठी हायड्रोजन चांगलं आहे; त्यात पॅटर्नची लांबी हवी तशी ठेवता येते, त्यामुळे सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल मांडताना चार मात्रांशी झगडावं लागत नाही. पोर्तुगालच्या रुई नुनो कापेला यांचं क्यूट्रॅक्टर नेटकं आणि हलकं. रोझगार्डन १९९३ मध्ये बाथ विद्यापीठात सुरू झालं आणि अजून जिवंत आहे. यांतलं कुठलंही वाईट नाही, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने आर्डोरच शिकावं. ते आधी जड वाटतं. पुढे पुन्हा दुसरं शिकावं लागत नाही.

सिंथेसायझरच्या बाबतीत मात्र मुक्त जग इतकं श्रीमंत आहे, की इथे तडजोड हा शब्दच उरत नाही. सर्ज हे मुळात विकत मिळणारं सिंथ. क्लेस योहान्सन याने सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचा कोड उघडा केला, जगभरची माणसं त्यावर तुटून पडली आणि २०२२ मध्ये सर्ज एक्सटी आलं. आज ते पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही सिंथच्या शेजारी मान वर करून उभं राहतं. मॅट टायटलच्या व्हायटलचा कोडही जीपीएलखाली आहे. वेव्हटेबल जातीचे चमकदार आवाज हवे असतील तर ते घ्यावं. यामाहाच्या डीएक्ससेव्हनचा १९८० च्या दशकातला आवाज, जो त्या काळच्या चित्रपटगीतांमुळे आपल्या कानात बसलेला आहे, तो डेक्स्डमधून मिळतो, आणि मूळ यंत्राच्या ध्वनी-फायलीही त्यात उघडतात. रुमानियाच्या नास्का ऑक्टाव्हियन पॉल याचं झिनॲडसबएफएक्स २००२ पासून चालू आहे. संथ, पसरत जाणाऱ्या पार्श्वध्वनीसाठी मला ते अजून सर्वांत जवळचं. अँड्र्यू बेल्टच्या व्हीसीव्ही रॅकमध्ये भिंतभर वायरींचं मॉड्युलर यंत्र पडद्यावर जोडता येतं. मिक्सिंगसाठी एलएसपीचे कंप्रेसर आणि इक्वलायझर, ड्रॅगनफ्लायचे रिव्हर्ब, आर्डोरच्याच रॉबिन गॅरियस यांचे एक्स-४२ हे मीटर आणि इतर प्लगइन, ख्रिस जॉन्सनचे शेकडो एअरविंडोज. एवढ्यावर कुठलंही मिक्स उभं राहतं. गिटारवाल्यांना न्यूरल ॲम्प मॉडेलरने तर खजिनाच उघडून दिला आहे.

मग व्यावसायिक स्टुडिओ इकडे का वळत नाहीत? मुंबई-पुण्याच्या अरेंजरला विचारा, तो सॉफ्टवेअरबद्दल बोलणारच नाही. तो आवाजांच्या लायब्ररीबद्दल बोलेल. त्याच्या हार्ड डिस्कवर सतार, सारंगी, बासरी, ढोलक, स्ट्रिंग्ज यांचे शेकडो गिगाबाइटचे नमुने असतात आणि ते बहुतेक कॉन्टॅक्टसारख्या बंद साच्यात असतात. भारतीय वाद्यांसाठी वापरलं जाणारं स्वारप्लग हेही बंदच, स्वित्झर्लंडमधल्या स्वार सिस्टिम्सचं. विंडोजसाठीचे प्लगइन लिनक्सवर चालवणारी याब्रिज नावाची सोय आहे आणि ती पुष्कळदा कामही करते. पण परवाना तपासणाऱ्या व्यवस्थांपाशी गाडी अडू शकते, आणि संध्याकाळी मालिकेचं पार्श्वसंगीत द्यायचं असताना अडलेली गाडी ढकलायला कोणाला वेळ नसतो. त्यांना मी दोष देणार नाही.

प्लगइनच्या साच्यांचा तिढा जुनाच आहे. व्हीएसटी हे १९९६ पासूनचं मानक स्टाइनबर्ग या कंपनीचं. तिने २०१८ मध्ये दुसऱ्या पिढीचं साहित्य नव्या लोकांना देणं बंद केलं आणि मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. लिनक्सवाल्यांचं एलव्हीटू हे मानक चांगलं, पण इतरांनी फारसं उचललं नाही. २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या दोन कंपन्यांनी क्लॅप हे पूर्ण खुलं मानक आणलं. सर्ज एक्सटीने ते ताबडतोब स्वीकारलं. या बाबतीत दिवस बरे येत आहेत.

आता आपल्या संगीताकडे. मिडी हे १९८३ चं मानक कीबोर्डच्या पट्ट्यांचा विचार करून घडलं : पट्टी दाबली, पट्टी सोडली, किती जोराने दाबली. मींड, गमक, आंदोलन यांना त्यात मुळात घर नाही. तरीही एक वाट आहे आणि ती फारशी वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. आपलं रागसंगीत बहुतांशी एकाच सुरावटीचं असल्याने एका वाद्याला अख्खी एक मिडी वाहिनी देता येते आणि स्वर वाकवण्याची, म्हणजे पिच बेंडची, मर्यादा नेहमीच्या दोन अर्धस्वरांऐवजी बारा करता येते. पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात. वर एक सप्तक आणि खाली एक सप्तक एवढा पल्ला त्यांत वाटला तरी एक पायरी अर्धस्वराच्या सहाशेव्या हिश्शापेक्षाही लहान पडते, कानाला कधीच न जाणवणारी. आर्डोरमध्ये ही वक्ररेषा हाताने रेखता येते आणि सर्ज एक्सटी तिच्या मागे इमानाने जातं. एकापेक्षा जास्त स्वर वेगवेगळे वाकवायचे तर २०१८ मध्ये मानक झालेलं एमपीई सर्जमध्येही आहे, व्हायटलमध्येही.

बारा समान भागांत कापलेल्या सप्तकापासूनही सुटका आहे. सर्ज एक्सटीमध्ये स्वरांच्या जागा सांगणारी स्काला जातीची फाइल घातली, की षड्ज-पंचमाचं शुद्ध नातं, हवा तो गंधार, हवा तो निषाद लावता येतो. तानपुऱ्यासारखा अखंड सूर किंवा हार्मोनियमसारखा भरणा यासाठी हे मोलाचं आहे. मात्र श्रुतींचा तक्ता घातला म्हणजे राग लागला, असं कोणी समजू नये. दरबारीचा गंधार एका जागी उभा राहणारा स्वर नव्हे. तो हलतो, आणि त्या हलण्यातच दरबारी आहे. मुंबईच्या एनसीपीएने ॲमस्टरडॅम विद्यापीठाबरोबर केलेल्या ऑट्रिम प्रकल्पात गाण्याच्या स्वररेषेचे जे आलेख निघाले, त्यांत हे डोळ्यांना दिसतं. अशा अभ्यासासाठीचं प्राट हे सॉफ्टवेअरही मुक्तच आहे, मुळात उच्चारशास्त्रासाठी ॲमस्टरडॅमला लिहिलेलं. त्याच्या जोडीला लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचं सॉनिक व्हिज्युअलायझर घ्यावं. आपल्या गुरूची एखादी तान त्यात उघडून तिची स्वररेषा पाहणं हा रियाज करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा असा अनुभव आहे.

लयीचा प्रश्न स्वराहून अवघड. सगळी स्टुडिओ सॉफ्टवेअरं आधी क्लिक, म्हणजे ठरावीक अंतराचे ठोके, लावून मग वाजवायचं, या गृहीतावर उभी आहेत. आपल्याकडे विलंबित ख्याल बसतो, लय हळूहळू चढते, द्रुतात जाते. लोककलावंतांची लयही आत्ताच्या श्वासावर चालते. अशा रेकॉर्डिंगवर क्लिकची जाळी टाकली तर ती पहिल्या आवर्तनानंतरच सुटते. आर्डोरच्या सातव्या आवृत्तीत नव्याने लिहिलेला लयीचा हिशेब इथे उपयोगी पडतो : आधी मोकळं वाजवून घ्यायचं आणि मग समेवर बोट ठेवत जाळी कलावंताच्या लयीकडे ओढून आणायची. वेळ लागतो, पण उलट दिशेने, कलावंताला जाळीत कोंबण्यापेक्षा, हे कितीतरी बरं.

आणि संगणकात आपलं संगीत नवं आहे असंही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल आणि लखनौ घराण्याचे खलिफा अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकणारे जेम्स किपेन यांनी बोल प्रोसेसर घडवलं. कायद्याचा विस्तार कसा होतो, कोणता पलटा चालतो, कोणता नाही, याचे नियम व्याकरणासारखे लिहायचे. संगणकाने त्या नियमांतून नवे पलटे काढायचे. ते उस्तादांपुढे ठेवायचे. त्यांनी मान हलवली तर नियम बरोबर, नाही म्हटलं तर नियम सुधारायचा. न्यायनिवाडा कायम उस्तादांकडे. यंत्र आणि परंपरा यांचं नातं कसं असावं याचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. बोल प्रोसेसर आजही चालू आहे, त्याचा कोड उघडा आहे आणि श्रुतींवर आधारलेल्या स्वररचनाही त्यात मांडता येतात. याच बर्नार्ड बेल यांनी पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्याबरोबर जात्यावरच्या ओव्यांचं काम केलं. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आता 'पारी' या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला आहे. महाराष्ट्रातल्या बायकांचं गाणं आणि मुक्त संगणकीय संगीत ही दोन टोकं एका माणसाच्या कामात जुळलेली आहेत, हे आपल्या संगीतवर्तुळात फारसं कोणाला ठाऊक नसतं.

बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या झाविएर सेरा यांच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने २०११ पासून हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे संगणकीय संग्रह उभे केले. आयआयटी मुंबईचे संशोधकही त्यात होते. एसेन्शिया हा ध्वनिविश्लेषणाचा मुक्त कोड त्याच विद्यापीठाचा, आणि सगळ्यांनी आपले ध्वनी मुक्त परवान्याने ठेवावेत यासाठी २००५ मध्ये सुरू झालेलं फ्रीसाउंडही तिथलंच. केंब्रिजच्या सॅम ॲरन यांनी शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेल्या सॉनिक पायमध्ये, कोडच्या ओळी टंकून गाणं वाजवण्याच्या त्या गोड सॉफ्टवेअरमध्ये, तबल्याचे बोल मूळ पेटीतच येतात. थोडेच आहेत, पण आहेत. ज्यांना याच वाटेने पुढे जायचं त्यांच्यासाठी सुपरकोलायडर, प्युअर डेटा आणि एमआयटीत १९८० च्या दशकात बॅरी व्हर्को यांनी लिहिलेलं सीसाउंड आहे. ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिला स्वतंत्र लेख हवा.

दोन ठिकाणी मात्र मुक्त साधनं आपल्याला अजून ओळखतच नाहीत. पहिलं, स्वरलेखन. म्युझस्कोअर आणि लिलीपाँड दोन्ही अप्रतिम आहेत, पण पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीवर उभी. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीची बंदिश त्यांत सरळ लिहिता येत नाही. दुसरं, तयार गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी काढणं. डीझरचं स्प्लीटर, मेटाचं डेमक्स ही मुक्त साधनं आश्चर्य वाटावं इतकी चांगली आहेत. पण या क्षेत्रात ज्या संग्रहावर सर्वाधिक काम झालं तो एमयूएसडीबी-१८ हा १५० गाण्यांचा, आणि त्याचे चार कप्पे आवाज, ड्रम, बास आणि उरलेलं असे. तबल्याचा दायाँ त्यात ड्रममध्ये जायचा, डग्ग्याचा घुमारा बासमध्ये सांडायचा, आणि हार्मोनियम गायकाच्या इतकी मागोमाग चालते की ती आवाजालाच चिकटून राहते. आपल्या वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक मुक्तपणे दिले गेले तरच हे सुधारेल.

इथेच माझा मुद्दा येतो. चित्रपटांच्या जगात ब्लेंडर या मुक्त ॲनिमेशन-सॉफ्टवेअरने मोठा निधी उभारला, माणसं पगारावर ठेवली आणि २०२५ मध्ये ब्लेंडरवर केलेल्या 'फ्लो'ला ऑस्कर मिळालं. संगीताकडे असा एकवटलेला निधी नाही; आर्डोर, सर्ज, हायड्रोजन, प्रत्येकाचा संसार वेगळा. त्यामुळे कोणीतरी येऊन ढोलकीची लायब्ररी करून देईल, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. पण हे काम प्रोग्रामिंगचंही नाही. एक चांगला वादक, एक शांत खोली, दोन माइक आणि चार दिवस. 'ना', 'तिं', 'ते', 'घे' असा प्रत्येक बोल पाच-सहा जोरांत, प्रत्येक जोरात चार-पाच वेळा वाजवून घ्यायचा, म्हणजे यंत्रातून वाजताना तोच तोच ठोका कानाला टोचत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मग एसएफझी ही साध्या मजकुराची फाइल लिहायची, ती वाजवायला स्फिझ्झ हे मुक्त प्लगइन आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा स्वतंत्र घ्यावा लागेल, कारण तो एका ठोक्याच्या नमुन्यात मावत नाही. तबल्यानंतर ढोलकी, संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणं, गोव्याचं घुमट. वादकाला त्याचं पूर्ण मानधन द्यायचं, त्याची लेखी संमती घ्यायची, त्याचं नाव फायलीत लिहायचं, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सगळं मोकळं करायचं.

मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, पुण्याचं ललित कला केंद्र, गावोगावची संगीत महाविद्यालयं यांच्याकडे वादकही आहेत आणि विद्यार्थीही. एका वर्षाचा एक प्रकल्प एका वाद्याला दिला, तर पाच वर्षांत पाच वाद्यं जगातल्या प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवर असतील आणि ती कोणालाही परत काढून घेता येणार नाहीत.

तोवर वैयक्तिक सल्ला. मालिका-चित्रपटाच्या मुदतींवर जगणाऱ्याने चालू स्टुडिओ मोडू नये. सर्ज, व्हायटल, एअरविंडोज एवढे त्यातच जोडावेत. मुक्त नसलेलं पण स्वस्त असं काही हवं असेल, तर घरगुती परवान्याला साठ डॉलर घेणारं रीपर प्रामाणिक आहे. चोरलेली आवृत्ती मात्र टाकू नका. तिच्यातून व्हायरस येतात, आणि आज त्याची गरजही उरलेली नाही. जो नव्याने सुरुवात करतो आहे त्याने आर्डोर, सर्ज एक्सटी, हायड्रोजन आणि ऑडॅसिटी एवढेच उतरवून घ्यावेत. वर्षभर दुसरं काही लागणार नाही. आर्डोरची तयार प्रत घेताना परवडेल तेवढे पैसे जरूर द्या. आणि घरात किंवा ओळखीत कोणी तबला, ढोलकी, संबळ वाजवणारं असेल, तर येत्या सुट्टीत त्यांच्या वाद्याचे बोल रेकॉर्ड करून, त्यांच्या संमतीने, फ्रीसाउंडवर ठेवा.